शिस्त, जबाबदारी आणि समता : कुटुंबातील पुरुषाचे स्थान
(देवस्थानाच्या वार्षिक उत्सवप्रसंगी अग्रशाळेत झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देवस्थानाच्या व्यवहारात ‘पाळी’ हा फार जुना आणि अर्थगर्भ असा शब्द आहे. ज्या घराण्याकडे पाळी येते त्या घराण्याने त्या काळापुरती नंदादीपाची, फुलांची, नैवेद्याची व्यवस्था पाहावयाची असते. पाळी हा मान आहे हे खरेच; परंतु तो बसून घेण्याचा मान नव्हे, तो उभे राहून करावयाचा मान आहे. पाळीकराने आळस केला तर देवाचा दिवा मंदावतो आणि साऱ्या गावाला ते दिसते. तद्वत् गाभाऱ्याचे. सभामंडपात कोणीही यावे, बसावे, भजन ऐकावे. चौकात पाऊल टाकताना थोडे अधिक भान ठेवावे. आणि प्रत्यक्ष मूर्तीला स्पर्श करणाऱ्या पुजाऱ्याने तर स्नान, सोवळे, उपवास यांचे सगळे निर्बंध पाळावे, असा दंडक आहे. अर्थ उघड आहे. अधिकार जसजसा वाढत जातो, तसतसे बंधनही वाढत जाते. ज्याच्या हाती अधिक, त्याच्यावर शिस्त अधिक.

देवळात पिढ्यान्‌पिढ्या मान्य असलेला हा नियम देवळातून घरी जाताना मात्र उंबरठ्यापाशीच राहून जातो. घरातील सर्वोच्च अधिकार परंपरेने कर्त्या पुरुषाकडे. आणि घरातील सर्वात थोडे नियम त्याच्यासाठी. त्याने केव्हा यावे, केव्हा जेवावे, किती खर्च करावा, कोणावर रागवावे, याची विचारणा कोणी करावयाची नसते. मुलीने तिन्हीसांजेच्या आत घरी यावे. मुलाला उशीर झाला तर ताट झाकून ठेवावे. सुनेने पहाटे उठावे. मुलगा रात्री जागला असेल, त्याला निजू द्यावे. म्हणजे देवळातील नियम घरात नेमका उलटा होतो. ज्याच्या हाती कमी, त्याच्यावर शिस्त अधिक. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे तो हा उलटा झालेला नियम.

प्रारंभीच तीन शब्दांचा उलगडा करणे इष्ट होईल, कारण व्यवहारात त्यांची नेहमी गल्लत होते. धाक, शिस्त आणि जबाबदारी हे ते तीन शब्द होत. धाक बाहेरून येतो, आणि धाक घालणारा दृष्टीआड झाला की तोही नाहीसा होतो. शिस्त ही आधी स्वतःवर घालून घ्यावयाची असते. मग ती पाहून इतरांत उतरते. आणि जबाबदारी म्हणजे केवळ काम नव्हे. त्या कामाबद्दल कोणाला तरी जाब देण्याची तयारी म्हणजे जबाबदारी. शब्दातच ‘जबाब’ आहे. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या अंगी कर्तबगारी असेल, औदार्य असेल, प्रेमही असेल. पण जबाबदारी आहे असे म्हणता येणार नाही. समतेचा प्रश्न येथेच उद्भवतो. जाब विचारणारी आणि जाब देणारी माणसे एका पातळीवर असल्याशिवाय जबाबदारी हा शब्दच पोकळ ठरतो.

हे विवेचन कोरडे वाटू नये म्हणून मराठी समाजाच्या इतिहासातील दोन घरांकडे दृष्टी टाकणे उपयुक्त होईल. दोन्ही घरांतील पुरुष असामान्य होते. सामान्य, व्यसनी किंवा क्रूर माणसाचे उदाहरण घेतले तर त्यापासून शिकण्यासारखे थोडे असते. कारण ऐकणारा प्रत्येकजण ‘हा काही माझ्याविषयी नव्हे’ असे म्हणून मोकळा होतो.

पहिले घर गोपाळराव जोशी यांचे. डाकखात्यात नोकरी करणारा हा विधुर गृहस्थ वयाने बराच मोठा. आणि त्यांची पत्नी झालेली यमुना ही नऊ वर्षांची बालिका. विवाहानंतर तिचे नाव आनंदी ठेवले गेले. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीला शिकवावयाचेच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. पुरुषांनी बायकोला मारावे ते स्वयंपाक बिघडला म्हणून, असा तो काळ. गोपाळराव संतापत ते अभ्यास झाला नाही म्हणून. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि अवघ्या दहा दिवसांत ते गेले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याची त्यांची जिद्द पक्की झाली. १८८३ साली त्या एकट्या समुद्रापार अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, पुण्यात त्यांचा अंत झाला.

गोपाळरावांच्या हट्टावाचून हे घडले नसते, हे निर्विवाद आहे. पण या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती आनंदीबाईंनीच लिहून ठेवली आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात, लहानपणी मिळालेल्या वागणुकीचा त्यांनी हिशेब मांडला. लाकडाचे तुकडे, पुस्तके, खुर्च्या असे जे हाती लागेल ते फेकून मारणे, सोडून जाण्याच्या धमक्या, या साऱ्याची आठवण त्यात आहे. विशेष हे की त्या पत्रात केवळ आक्रोश नाही. ती वागणूक बरी की वाईट, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. अंतिम हेतू पाहिला तर ती योग्य म्हणावी. परंतु एका बालमनावर तिचा काय परिणाम होईल याचा विचार केला तर ती अयोग्यच म्हटली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणीने स्वतःवर झालेल्या अन्यायाचा असा समतोल निवाडा करावा, ही गोष्ट तिच्या पदवीइतकीच मोठी मानावी लागेल.

या निवाड्यातून निष्पन्न होते ते असे. गोपाळरावांचे ध्येय समतेचे होते. स्त्री पुरुषाइतकी शिकू शकते यावर त्यांचा विश्वास होता. परंतु त्यांचे साधन समतेचे नव्हते. जिला मोठे करावयाचे तिला विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. शिस्त तिच्यावर होती. स्वतःच्या क्रोधावर नव्हती. त्यांना जाब विचारणारे त्या घरात कोणी नव्हते. आणि जेव्हा ती विचारू शकली, तेव्हा ती हजारो मैलांवर होती. समुद्र मध्ये आला म्हणून प्रश्न उमटला. मुलाच्या भल्यासाठी म्हणून हात उगारणाऱ्या प्रत्येक बापाने हे पत्र एकदा लक्षात घ्यावे. मुलगा मोठा होतो, डॉक्टर होतो, अभियंता होतो, आणि बाप म्हणतो, ‘माझ्या माराने हा सुधारला.’ तो मुलगा दुसऱ्या गावी राहून मनात कोणता हिशेब मांडीत असेल, हे बापाला बहुधा कधी कळत नाही. कारण पत्र लिहिण्याचे धैर्य प्रत्येकाला नसते.

दुसरे घर गोमंतकातलेच आहे, आणि या सभेला ते अधिक जवळचे वाटेल. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर अभ्यासक. शालेय शिक्षण जेमतेम. परंतु ज्ञानाची ओढ अशी की १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. अन्नछत्रात जेवावे, मिळेल तेथे निजावे आणि शिकावे, असा त्यांचा क्रम. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना वेतन देऊन मराठीत लेखनास प्रवृत्त केले. १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ग्रंथसंपादन केले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

पण घर सोडले तेव्हा त्या घरात पत्नी बाळाबाई होती आणि माणिक नावाची तान्ही मुलगी होती. या गोष्टीची वाच्यता थोर पुरुषांच्या चरित्रांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते. धर्मानंदांनी मात्र आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात ती लपविलेली नाही. ज्ञानासाठी गृहत्याग करणाऱ्याला समाज वंदन करतो. आणि तेल-मिठाची चिंता करीत, मुलीला वाढवीत, नवरा जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसता दिवस काढणाऱ्या स्त्रीला समाज ‘सोशिक’ म्हणतो. दोन्ही तपश्चर्याच. एकीला फळ मिळाले ते ग्रंथांचे, दुसरीचे फळ कोणी मोजले नाही. येथे निर्णय देण्याचा मोह आवरला पाहिजे. धर्मानंद गेले नसते तर मराठी भाषा एका मोठ्या विद्येला मुकली असती. तथापि त्या विद्येचे मोल ज्यांनी चुकते केले त्यांत बाळाबाई होत्या, आणि त्यांना ते चुकते करावयाचे आहे काय असे कोणी विचारले नव्हते, एवढे म्हणणे सत्याला धरून आहे.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. धर्मानंद परत आले. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मला. आणि १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा, त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही शिक्षणासाठी सोबत नेले. मुलगा नेला आणि मुलगी घरी ठेवली, असे झाले नाही. जिला तान्ही असताना सोडून गेले होते ती माणिक अमेरिकेत शिकून पदवीधर झाली. दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाले; त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. दामोदरांची कन्या मीरा कोसंबी यांनी समाजशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळविले. आजोबांचे ‘निवेदन’ त्यांनी इंग्रजीत आणले, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रियांच्या अभ्यासाला वाहून घेताना आनंदीबाई जोशी यांची पत्रेही अभ्यासकांपुढे ठेवली. २०१५ साली त्या निवर्तल्या. एका घरातून निघालेला धागा दुसऱ्या घरापर्यंत असा पोहोचला. बाळाबाईंच्या नातीने आनंदीबाईंचा जाब जगापुढे वाचून दाखविला. चुकलेली जबाबदारी पुढच्या टप्प्यावर का होईना पत्करता येते, आणि तिचे फळ तिसऱ्या पिढीत दिसते, हा या घराचा धडा आहे. बापपण एकदा हुकले म्हणून कायमचे हुकत नाही. परत येऊन मुलीचा हात धरावा लागतो, इतकेच.

आता घरांकडून कायद्याकडे वळू. गोमंतकातील समाज कायद्याच्या बाबतीत भाग्यवान आहे असे नेहमी म्हटले जाते, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. वेगळा करार नसेल तर विवाहाबरोबर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि निम्मा वाटा पत्नीचा असतो. स्थावर विकावयाचे तर दोघांच्या सह्या लागतात. वारसाहक्कात मुलगा आणि मुलगी सारखे; संततीचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. २०१२ साली झालेल्या आणि २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसाहक्क कायद्यानेही हे मूळ तत्त्व राखले आहे. देशाच्या इतर भागांत अनेक दशके लढूनही जे मिळाले नाही, ते येथे दीडशे वर्षांपूर्वी कागदावर आले.

परंतु त्याच जुन्या संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र पतीच्या हाती दिला होता. मालकी दोघांची, किल्ली एकाची! आणि मुलींच्या हिस्स्याचे काय होते, हे येथे बसलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वडील वारले की काही महिन्यांत बहिणींना नोटरीकडे नेले जाते. कागद पुढे केला जातो. ‘माहेर तुटायला नको’ असे कोणीतरी हळूच म्हणते. आणि बहीण हक्क सोडल्याची सही करते. पुष्कळदा त्या जमिनीची किंमत काय, तिच्यावर कर्ज आहे काय, हे तिला सांगितलेलेही नसते. तिने स्वखुशीने सोडले तर तो तिचा प्रश्न आहे. परंतु जी गोष्ट माहीतच नाही ती सोडण्यात खुशी कसली? कायदा समता देतो; ती घरात आणण्याची जबाबदारी भावाची असते. भाऊ जाब द्यावयास तयार नसेल तर संहितेची पाने कपाटातच राहतात.

गोव्याबाहेर बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कुळावी बांधवांना वेगळे कायदे लागू आहेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क मिळाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी तशी पावले १९९४ मध्येच टाकली होती. या दुरुस्तीतील एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. मुलीला मुलाचे हक्क देताना त्या मिळकतीबाबतची मुलाची दायित्वेही कायद्याने तिच्यावर घातली आहेत. हे अगदी उचित झाले. ज्याला वाटा हवा त्याने भारही घ्यावा. समता ही दान म्हणून मिळत नसते. ती हक्क आणि दायित्व अशा जोडीनेच येते. म्हणूनच ‘मुलींना हक्क हवा, पण आई-बापांना सांभाळणार कोण?’ असा टोमणा मारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याने मुलगा आणि मुलगी या दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. आणि प्रत्यक्षात आजारी आईच्या उशाशी रात्री कोण बसते, हे सांगण्यास कायद्याचीही आवश्यकता नाही.

पालकत्वाच्या बाबतीत तर कायद्यांतून एक विलक्षण चित्र उभे राहते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचे नाव घातले, आणि आईचे ‘त्याच्यानंतर’. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नव्हे, तर ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावून आईचा मार्ग काहीसा मोकळा केला. दुसरीकडे केंद्र सरकारच्या सेवानियमांत बाळंतपणाच्या वेळी बापाला १५ दिवसांची रजा आहे. मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत मिळणारी रजा २००८ पासून स्त्री कर्मचाऱ्यांना, आणि पुढे २०१८ मध्ये केवळ एकट्या पुरुष कर्मचाऱ्यांना, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित बापाला, लागू झाली. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. मालमत्ता आणि निर्णय यांचा प्रश्न असेल तेव्हा बाप नसला तरच आई पालक; आणि अंघोळ, ताप, अभ्यास यांचा प्रश्न असेल तेव्हा आई नसली तरच बाप पालक! एका बाजूने आईचा हक्क कमी झाला, हे सर्वांना दिसते. दुसऱ्या बाजूने बापाचाही हक्क कमी झाला, हे बापांनाच दिसत नाही. मुलाच्या तापलेल्या कपाळावर रात्रभर हात ठेवून बसणे हे काम म्हणून टाळले गेले. ते सुख म्हणूनही हुकले.

घरातील श्रमाची विभागणी किती विषम आहे याला आकड्यांचाही आधार आहे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ आढळल्या, पुरुष शेकडा २६. जे करतात त्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे शंभरांतील चौऱ्याहत्तर पुरुष त्या दिवशी घरात एका ताटालाही हात लावीत नाहीत.

आणि गंमत अशी की याच पुरुषांना हे काम येत नाही असे मुळीच नाही. उत्सवात महाप्रसादाची पंगत पाहावी. शेकडो पानांचा स्वयंपाक रांदपी पुरुषच करतात. नारळ खवणारे, भाजी चिरणारे, पाने मांडणारे, वरण-भात वाढणारे, उष्टी काढणारे सगळे पुरुष. बँकेतील अधिकारी कमरेला पंचा गुंडाळून वाढपाला उभा राहतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट ‘मला वाढायला मिळाले’ असे तो सांगत सुटतो. देवाच्या दारी जी सेवा होते, तीच घराच्या ओसरीवर हलके काम कशी ठरते? हात तेच, पात्र तेच, भूकही तीच. फरक असलाच तर तो मानण्याचा आहे.

मुलांच्या शिस्तीचा विचार येथून सुरू होतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात पत्रावळ लावता न येणाऱ्या श्यामला त्याची आई ती शिकावयास लावते, ही कथा सर्वपरिचित आहे. ती गोष्ट वाचून अनेकांचे डोळे पाणावले. परंतु तिच्यातील रोखठोक मुद्दा सहज निसटतो. जेवावयाचे तर पान मांडता आले पाहिजे, आणि मुलगा झाला म्हणून त्यातून सुटका नाही, हा तो मुद्दा. ती शिस्त मारून आलेली नाही आणि लाडाने सैल झालेलीही नाही. आईने नियम सांगितला आणि त्यावर ती ठाम राहिली. शिकणे श्यामवर सोपविले. आजच्या घरांत मुलीला शिस्त आणि मुलाला मुभा अशी वाटणी झालेली दिसते. तिचा परिणाम दुहेरी होतो. मुलगी वाकते, आणि मुलगा अपंग होतो. परगावी नोकरीला गेलेल्या ज्या तरुणाला स्वतःसाठी भात टाकता येत नाही, शर्टाला गुंडी लावता येत नाही, त्याला स्वतंत्र म्हणावे काय?

बापाच्या भूमिकेविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलावी लागेल. पुष्कळ घरांत दिवसभर मूल आईजवळ असते. आणि मुलाने हट्ट केला की आई म्हणते, ‘थांब, बाबा येऊ देत.’ संध्याकाळी दारात चपलांचा आवाज झाला की मूल खोलीत पळते. अशा घरात बाप हा न्यायाधीशही नव्हे. त्याला केवळ शिक्षा बजावण्याचे काम दिलेले असते. दिवसभरात काय घडले हे त्याने पाहिलेले नसते, आणि तरी हात त्याचाच उठावा अशी अपेक्षा असते. यात आईचा अधिकार कमी होतो, कारण तिच्या शब्दाला स्वतःचे वजन उरत नाही. आणि बापाचे प्रेम कमी होते, कारण त्याचे येणे हेच भय ठरते. पुढे म्हातारपणी हाच बाप कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून म्हणतो की मुले सगळे आईशीच बोलतात, आपल्याजवळ कोणी बसत नाही. त्याचे म्हणणे खरे असते, त्याचे दुःखही खरे असते. परंतु त्याची सुरुवात तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्या चपलांच्या आवाजात झालेली असते. कठोर पुरुषाला मिळणारी सर्वात मोठी शिक्षा ही एकाकीपणाची असते, आणि ती देणाराही बहुधा तो स्वतःच असतो.

समता आली की शिस्त जाते, अशी भीती ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवितात. सगळेच सारखे, मग ऐकायचे कोणी कोणाचे? प्रश्न अप्रस्तुत नाही. परंतु याचे उत्तर पुन्हा देवस्थानाच्या कारभारातच आहे. महाजनांत कोणी लहान-मोठा नसतो. प्रत्येकाचे मत एकच. तरी कारभार चालतो. का? तर समिती निवडली जाते, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार अशी कामे वाटून दिली जातात, आणि प्रत्येकाला हिशेब द्यावा लागतो. पोर्तुगीज काळात १८८६ साली आणि नंतर १९३३ साली देवस्थानांसाठी नियम झाले त्यांचे मर्म हेच होते. अंदाजपत्रक करा, जमाखर्च ठेवा, आणि तो दाखवा. खजिनदाराला फंडाची पेटी सांभाळण्याचा अधिकार आहे. परंतु ‘पेटी माझ्याकडे आहे, तुम्ही विचारणारे कोण?’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. सारखेपणा आहे म्हणूनच हिशेब आहे, आणि हिशेब आहे म्हणूनच शिस्त आहे. समता शिस्तीला मारक नाही. किंबहुना ती शिस्तीची पूर्वअट आहे.

या न्यायाने घराचा कारभार सुधारावयाचा तर मोठी क्रांती करावयास नको. चार साध्या गोष्टी पुरेत. पहिली, कर्त्या पुरुषाने घरातील येणे-देणे, ठेवी, कर्ज, विमा यांची माहिती पत्नीला आणि जाणत्या मुलांना द्यावी. नवरा एकाएकी गेल्यावर बँकेच्या दारात कागद शोधीत उभी राहिलेली विधवा पाहणे यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. दुसरी, स्वयंपाक, झाडलोट, धुणे ही कामे मुलगा आणि मुलगी या दोघांनाही दहा-बारा वर्षांच्या वयापासून पाळीने द्यावीत. आणि त्या पाळीच्या यादीत बापाचेही नाव असावे, नाहीतर मुलगा ती यादी मानणार नाही. तिसरी, मुलाला रागे भरण्यापूर्वी ज्या नियमासाठी रागवावयाचे तो आपण पाळतो काय, एवढे मनाशी विचारावे. आणि हात तर उगारूच नये. चौथी, बहिणीच्या सहीसाठी नोटरीकडे जाण्याआधी संपूर्ण मिळकतीची यादी, किमतीसह, तिच्या हाती द्यावी आणि तिला विचार करण्यास अवधी द्यावा. मग तिने घेतले तरी ती बहीणच, आणि सोडले तरी बहीणच.

शेवटी देवस्थानाकडे पुन्हा वळावेसे वाटते. बहुतेक देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवहीत आजवर पुरुषांचीच नावे लागत आली. ती नावे का लागली, कधी बदलावी, हा विचार ज्या त्या सर्वसाधारण सभेने आपल्या नियमांनुसार करावयाचा आहे. परंतु एवढे तरी प्रत्येकाने ध्यानी घ्यावे की नोंदवहीत नाव असणे हा मान नसून ती कायमची पाळी आहे. ज्याच्या घरी आई एकटी आहे, पत्नी थकली आहे, मुलगा भ्यायला आहे, बहिणीची सही अंधारात घेतली आहे, त्याचे नाव वहीत असले तरी त्याची पाळी चुकलेली आहे.

नंदादीप रात्रभर जळतो तो त्यात कोणीतरी न सांगता तेल घालतो म्हणून. पुष्कळ घरांतील दिवाही असाच आजवर जळत आला. तेल घालणारे हात बहुधा बांगड्यांचे होते, आणि त्यांची नोंद कोठल्याही वहीत नाही. उद्या उत्सव संपेल, पालखी आत जाईल, मंडळी आपापल्या गावी परततील. घरी पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी दाराशी चपलांचा आवाज होईल. तो ऐकून मूल आत पळते की बाहेर धावत येते, एवढ्यावरून प्रत्येक पुरुषाला आपल्या पाळीचा हिशेब कळेल.